मराठी फोनवरून काढलेली जीपीएक्स फाइल कुठेच उघडत नाही (अँड्रॉइड, एक्सएमएल)

भटका खेकडा | रवि, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी,

आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी मी एक छोटं अँड्रॉइड ॲप लिहिलंय. चालताना वाट नोंदवायची, घरी आल्यावर जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदलेली वाट साठवायचा प्रचलित फॉरमॅट) काढून ग्रुपवर टाकायची, एवढंच त्याचं काम. कोटलिन भाषेत आहे, आत रूम डेटाबेस, आणि 'एक्स्पोर्ट' दाबलं की एक्सएमएल, म्हणजे टॅगांत मांडलेला मजकूर, तयार. माझ्या आणि काही मित्रांच्या फोनवर सुरळीत चालतं.

पण ग्रुपमधल्या काही जणांची फाइल कुठेच उघडत नाही. डेस्कटॉपवरचं एक सॉफ्टवेअर ती सरळ नाकारतं. मोबाइलवरचं दुसरं एक ॲप उघडतं, पण कळसूबाईची अख्खी वाट आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात एक ठिपका म्हणून दाखवतं. फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, अँड्रॉइडच्या आवृत्त्याही वेगळ्या. त्यात कहर म्हणजे एकाच मॉडेलचे दोन फोन आहेत, एकाची फाइल उघडते, दुसऱ्याची नाही.

ब्राउझरमध्ये टाकली तर टॅगांचं झाड नीट उलगडतं, एकही चूक दाखवत नाही. मग बिघडलंय काय?

कोन-कंस टाकले की हे संस्थळ अख्खी ओळ गिळतं, म्हणून कोड शब्दांतच सांगतो. स्ट्रिंगबिल्डर (मजकुराचे तुकडे जोडणारा) घेतो. प्रत्येक बिंदूसाठी 'टीआरकेपीटी' टॅग, त्यात 'लॅट' (अक्षांश) आणि 'लॉन' (रेखांश) हे दोन ॲट्रिब्यूट, दोन्ही आकडे दशांशानंतर सहा स्थळांपर्यंत फॉरमॅट केलेले. आत उंचीचा 'ईएलई' आणि वेळेचा 'टाइम'. वेळ सिंपलडेटफॉरमॅटने (तारीख-वेळ छापणारा जावाचा क्लास). बस.

सह्यवेडी | रवि, रात्री ११:१५

ज्यांची फाइल उघडत नाही त्यांचे फोन मराठीत आहेत का? फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि 'लॅट'मधला आकडा नीट बघा.

भटका खेकडा | रवि, रात्री ११:३१

अरे देवा! 'लॅट' बरोबर '१९.६०११२०'. देवनागरीत!! मघापासून तीच फाइल समोर उघडी आहे, पण वाचताना खटकतच नाही ना. वेळ पण तशीच, वर्षापासून सेकंदापर्यंत सगळं मराठी आकड्यांत.

चहाबाज | रवि, रात्री ११:३४

अभिनंदन. मराठीतली पहिली जीपीएक्स फाइल.

सह्यवेडी | सोम, सकाळी ७:०५

काल उशीर झाला होता, आता सविस्तर लिहिते.

जावा-कोटलिनमध्ये फॉरमॅट करताना लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं नाही की फोनचं चालू लोकेल आपोआप उचललं जातं. आकडे कुठल्या लिपीत लिहायचे, दशांशाला टिंब द्यायचं की स्वल्पविराम, हजार-लाख कुठे तोडायचे, हे युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यातून येतं. त्यात मराठीची मूळ अंकपद्धत देवनागरी धरली आहे. नेपाळीचंही तसंच. हिंदीसाठी मात्र इंग्रजी आकडे धरले आहेत. त्यामुळे फोन हिंदीत ठेवून तपासणाऱ्याला हा बग कधीच भेटत नाही, आणि भारतीय भाषेत तपासलं म्हणून मंडळी निर्धास्त होतात.

आणि 'फोन मराठीत आहे का' एवढं विचारूनही भागत नाही. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. फोन इंग्रजी, पण तुमचं ॲप तेवढं मराठीत, असं असेल तरी ॲपच्या आतलं डीफॉल्ट लोकेल मराठीच होतं.

आता जीपीएक्स. त्याच्या १.१ आवृत्तीच्या स्कीमात (फाइलीत काय कसं असावं याच्या नियमावलीत) अक्षांश-रेखांश हे एक्सएसडी या स्कीमा-भाषेतल्या 'डेसिमल' प्रकारचे आहेत. त्या प्रकारात इंग्रजी शून्य ते नऊ, एक टिंब आणि पुढे अधिक-उणे चिन्ह, इतकंच चालतं. देवनागरी आकडा तिथे आकडा नाहीच, नुसतं अक्षर. ब्राउझर गप्प राहिला कारण तो फक्त टॅगांची रचना बघतो, म्हणजे फाइल वेल-फॉर्म्ड आहे का ते. स्कीमाशी ताडून बघत नाही. तुमची फाइल वेल-फॉर्म्ड आहे, पण व्हॅलिड नाही.

आफ्रिकेजवळचा ठिपका म्हणजे शून्य अक्षांश, शून्य रेखांश. गिनीच्या आखातात येतो तो. त्या ॲपला आकडा वाचता आला नाही, तर चूक दाखवायच्या ऐवजी त्याने शून्य धरलं. माझ्या मते नाकारणारं सॉफ्टवेअर जास्त प्रामाणिक.

उपाय अगदी लहान. फॉरमॅटला पहिला पॅरामीटर म्हणून 'लोकेल डॉट रूट' (कुठल्याच भाषेचं नसलेलं तटस्थ लोकेल) द्या. 'लोकेल डॉट यूएस' दिलं तरी चालेल. कोटलिनच्या एक्स्टेन्शन फॉरमॅटलाही लोकेल देता येतं.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, ॲप सुरू होतानाच अख्ख्या ॲपचं डीफॉल्ट लोकेल इंग्रजी करून टाकणं. फाइल सुधारेल, पण पडद्यावरचे मराठी आकडे आणि तारखाही जातील. दुसरं, फॉरमॅटच काढून डबलचं सरळ टू-स्ट्रिंग करणं. ते लोकेल बघत नाही हे खरं, पण आकडा एक हजारांशापेक्षा लहान झाला की 'ई'वालं घातांकी रूप देतं, आणि 'डेसिमल'ला ते चालत नाही. सह्याद्रीत तुम्हाला ते दिसणार नाही, लंडनच्या ग्रिनिचजवळ चालणाऱ्याला दिसेल.

गडवेडा गणू | सोम, सकाळी ९:२०

एक बाळबोध शंका. फोन मराठी, माणूस मराठी, आकडे मराठी. मग चूक फाइल वाचणाऱ्याची का नाही? युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, अजून देवनागरी आकडे वाचता येऊ नयेत?

चहाबाज | सोम, सकाळी ९:२६

+१. राजभाषेचा अपमान. निवेदन द्यायला कधी जायचं?

सह्यवेडी | सोम, सकाळी ९:५८

गणू, शंका बाळबोध नाही. पण एक्सएमएलला मराठीचं वावडं नाही हे आधी सांगते. १९९८ सालच्या मूळ एक्सएमएल १.० पासून टॅगचं नावसुद्धा देवनागरीत चालतं. तुम्ही स्वतःचा फॉरमॅट काढून त्यात 'उंची' नावाचा टॅग ठेवलात तर कुठलाही धड पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) तो वाचेल. वाटेचं नाव, वर्णन, 'इथे पाण्याचं टाकं आहे' अशा खुणा, सगळं बिनधास्त मराठीत ठेवा.

प्रश्न फक्त आकडे आणि तारखांचा आहे. जीपीएक्स २००४ पासून तसंच आहे. मनगटावरची घड्याळं, गाडीतले नॅव्हिगेटर, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून सोडून दिलेले प्रोग्रॅम, सगळे तो नियम धरून बसलेत. ते सगळे बदलायला जाण्यापेक्षा आपली एक ओळ बदललेली बरी. पडद्यावर 'उंची १,६४६ मी' असं मराठीतच दाखवा, तिथे चालू लोकेलच हवं. फाइलीत जाणारा आकडा दुसऱ्या फंक्शनमधून काढा. दोन्हींसाठी एकच फंक्शन ठेवलं की असले बग येतातच.

स्टुटगार्टकर | सोम, दुपारी १२:४०

आमच्याकडे याच बगाचा युरोपी भाऊ राहतो. जर्मन लोकेलमध्ये दशांशाला स्वल्पविराम. त्यामुळे अक्षांश '४८,७७' असा पडतो. इथल्या डेव्हलपरांना हा इतका पाठ झालेला असतो की कोड रिव्ह्यूमध्ये पहिला डोळा तिथेच जातो. तुर्की भाषेतल्या बिनटिंबाच्या आयचा बग त्याचाच चुलत भाऊ: टॅगचं नाव लोकेल न देता कॅपिटल-स्मॉल केलं की तुर्की फोनवर भलतंच अक्षर.

खेकडेराव, अँड्रॉइड स्टुडिओतला लिंट (कोड तपासणारं साधन) यासाठी 'डीफॉल्ट लोकेल' नावाची सूचना देतो. पिवळ्या रेघा बघा जरा.

भटका खेकडा | सोम, दुपारी १:०२

पिवळ्या रेघा इतक्या आहेत की वेगळी अशी एकही दिसत नाही. आज बसतो.

अण्णा इचलकरंजी | सोम, दुपारी ३:१५

ट्रेकिंगमधलं मला काही कळत नाही, पण हा रोग ओळखीचा आहे म्हणून लिहितो.

मी व्यापाऱ्यांसाठी मोबाइलवर बिलं करायचं ॲप लिहितो. दिवसाच्या शेवटी सगळी व्हाउचर एक्सएमएलमध्ये काढून टॅलीत ओतायची. टॅली एक तर फाइल इम्पोर्ट करून घेते, नाहीतर ९००० पोर्टवर एचटीटीपीने तेच एक्सएमएल पाठवायचं. तारीख आठ आकडी, वर्ष-महिना-दिवस सलग. नावेची (डेबिटची) रक्कम उणे चिन्हाने लिहायची, हे नवीन पोराला पहिल्यांदा पटतच नाही. आणि लेजरचं नाव टॅलीत आहे तसंच्या तसं, एका स्पेसचाही फरक नको.

आमच्या गिऱ्हाइकांचे निम्मे फोन मराठीत. रकमेला आम्ही नंबरफॉरमॅट लावला होता, त्यातून '१,२५,०००.००' असं निघायचं. मराठी आकडे, वर लाखाचा स्वल्पविराम. पडद्यावर झकास, टॅलीच्या लेखी कचरा.

पण आकड्यांपेक्षा जास्त छळलं ते अँपरसँडने. आमच्या गावात निम्म्या दुकानांच्या नावात 'आणि'च्या जागी तेच चिन्ह असतं. अमुक ब्रदर्स अँड सन्स. ते नाव स्ट्रिंग जोडून एक्सएमएलमध्ये घातलं की फाइल तिथेच मोडते, कारण पार्सरला वाटतं पुढे एंटिटी (खास चिन्हाचं सांकेतिक नाव) सुरू झाली. खेकडेराव, तुम्हीही स्ट्रिंगबिल्डरनेच जोडताय. कुणी वाटेला 'राजमाची' पुढे ते चिन्ह आणि 'ढाक' असं नाव दिलं की तुमची फाइल ब्राउझरमध्येसुद्धा उघडणार नाही.

पार्सर पाटील | सोम, संध्याकाळी ६:३०

अण्णांनी बरोबर नस पकडली. स्ट्रिंग जोडून एक्सएमएल करणं हीच मुळात नको ती सवय. अँड्रॉइडमध्ये पहिल्यापासून एक्सएमएलसिरियलायझर (एक्सएमएल लिहून देणारा) आहे, बाहेरची लायब्ररी लागत नाही. 'एक्सएमएल' नावाच्या युटिलिटी क्लासमधून 'न्यूसिरियलायझर' मागायचा, त्याला आउटपुट स्ट्रीम आणि यूटीएफ-८ सांगायचं, 'स्टार्टडॉक्युमेंट', मग 'स्टार्टटॅग', 'ॲट्रिब्यूट', 'टेक्स्ट', 'एंडटॅग' अशी उतरंड. अँपरसँड, लहान-मोठ्याचे कंस, अवतरणचिन्हं, सगळ्याचं एस्केपिंग (एक्सएमएलला चालेल अशा रूपात बदलणं) तो करतो.

पण एक गैरसमज आधीच काढतो. सिरियलायझर वापरला असता तरी मराठी आकड्यांचा बग राहिलाच असता. त्याला ॲट्रिब्यूटची किंमत स्ट्रिंग म्हणूनच द्यावी लागते. स्ट्रिंगमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'लायब्ररी वापरली म्हणजे सुटलो' असं नाही.

आता जीपीएक्सच्या खाचाखोचा, कारण पुढे तुम्ही यातच अडकणार.

नेमस्पेस: मुळाच्या 'जीपीएक्स' टॅगला टोपोग्राफिक्सचा (जीपीएक्स काढणारी कंपनी) १.१ वाला नेमस्पेस (टॅग कुठल्या फॉरमॅटचे ते सांगणारा पत्ता) हवा. सिरियलायझरच्या 'स्टार्टटॅग'चा पहिला पॅरामीटर तोच असतो. लोक तिथे नल टाकतात, फाइल दिसायला ठीक दिसते, पण काटेकोर वाचणारा ती जीपीएक्स मानत नाही. रिकाम्या प्रिफिक्सला नेमस्पेस बांधायचा तर 'सेटप्रिफिक्स' हे 'स्टार्टटॅग'च्या आधी बोलवायचं, नंतर नाही. 'व्हर्जन' आणि 'क्रिएटर' हे दोन ॲट्रिब्यूट सक्तीचे.

क्रम: स्कीमात 'सीक्वेन्स' आहे, म्हणजे कुठला टॅग कुणाच्या आधी हे ठरलेलं आहे. मुळाच्या टॅगात आधी मेटाडेटा, मग वेपॉइंट (खुणा), मग राउट (आखलेला मार्ग), मग ट्रॅक (चाललेली वाट). बिंदूच्या आत आधी उंची, मग वेळ, नाव त्यानंतर. वाटेवरच्या खुणा फाइलीच्या शेवटी टाकल्या तर बरीच ॲप्स चालवून घेतात, स्कीमा घेत नाही.

वेग: १.० मध्ये बिंदूला 'स्पीड' टॅग होता, १.१ मध्ये काढला. आता तो 'एक्स्टेन्शन्स'च्या आतच टाकायचा. गार्मिनच्या ट्रॅकपॉइंट एक्स्टेन्शनच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची सोय आहे.

सेगमेंट: मध्येच जीपीएस गेलं किंवा माणसाने पॉज केलं तर नवा 'टीआरकेएसईजी' (वाटेचा तुकडा) उघडा. नाहीतर डबा खायला थांबून ॲप बंद केलं तिथपासून पुन्हा चालू केलं तिथपर्यंत दरी ओलांडणारी सरळ रेघ.

आणि पुस्तकातून कॉपी केलेला मजकूर कुणी वर्णनात चिकटवला की कधीकधी त्यात न दिसणारी कंट्रोल कॅरेक्टर येतात. एक्सएमएल १.० मध्ये टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न सोडून बाकीची चालत नाहीत. एस्केप करूनसुद्धा नाहीत. ती लिहिण्याआधी गाळूनच टाकावी लागतात.

वाचनमात्र | सोम, रात्री ८:१०

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. डॉम वापरून (अख्खं एक्सएमएल मेमरीत धरून) झाड बांधायचं आणि ट्रान्सफॉर्मरने लिहायचं, हे कॉलेजात शिकलो होतो. ते इथे का नको? आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच फाइलीत लिहीत गेलं तर डेटाबेसची भानगडच नको ना?

पार्सर पाटील | सोम, रात्री ९:४५

डॉम चालेल, पण कशाला? सेकंदाला एक बिंदू धरला तर दहा तासांच्या चालीत ३६,००० बिंदू. एका बिंदूची शंभरेक अक्षरं म्हणजे साडेतीन-चार एमबीची फाइल. डॉममध्ये प्रत्येक टॅग, प्रत्येक ॲट्रिब्यूट हे मेमरीत वेगळं ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या कितीतरी पट. स्वस्तातल्या फोनवर ते जाणवतं. सिरियलायझर लिहीत लिहीत पुढे जातो, मागचं धरून ठेवत नाही. डेटाबेसमधूनही सगळ्या ओळी एकदम लिस्टमध्ये ओढू नका, कर्सरने थोड्या थोड्या घ्या.

चालताना थेट फाइलीत लिहू नका, याबाबत मी हट्टी आहे. एक्सएमएलचं शेपूट शेवटी येतं. बॅटरी संपली, किंवा फोनने बॅटरी वाचवायला तुमचं ॲप मारलं, तर शेवटचे तीन टॅग बंद होत नाहीत आणि नियमाने ती फाइल एक्सएमएलच राहत नाही. शिस्तीचा पार्सर ती नाकारणारच. डेटाबेसमध्ये मात्र आतापर्यंत नोंदलेला प्रत्येक बिंदू जागेवर असतो. खेकडेरावांनी रूम ठेवली आहे ते योग्य आहे. वर फोरग्राउंड सर्व्हिस (ॲप पडद्यावर नसतानाही चालू राहणारं काम) 'लोकेशन' प्रकारची जाहीर केलेली आहे ना तेवढं बघा, अँड्रॉइड १४ ला त्याची वेगळी परवानगी मॅनिफेस्टमध्ये नसेल तर सर्व्हिस सुरूच होत नाही.

नकाशेबुवा | मंगळ, सकाळी ६:५०

आकड्यांची लिपी सुटली असेल तर आता आकड्यांकडे येऊ. खेकडेराव, तुमच्या फाइलीत कळसूबाईच्या माथ्याची उंची किती येते?

भटका खेकडा | मंगळ, सकाळी ७:३०

बुवा, १५८० च्या आसपास. १६४६ हवी. जीपीएस चुकतंय असं समजून सोडून दिलं होतं. एका मित्राच्या आयफोनवर (वेगळं ॲप) मात्र १६४० च्या पुढे दाखवत होता.

नकाशेबुवा | मंगळ, सकाळी ८:१५

जीपीएस चुकत नाहीये. अँड्रॉइडच्या लोकेशनमधली 'अल्टिट्यूड' ही डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासून (जीपीएसने धरलेला पृथ्वीचा गणिती आकार) मोजलेली असते. आपण नकाशावर वाचतो ती समुद्रसपाटीपासूनची, म्हणजे जिऑइडपासूनची (गुरुत्वाकर्षणाने ठरणारी सरासरी समुद्रसपाटी). या दोन पृष्ठभागांतलं अंतर जगात सगळीकडे सारखं नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड लंबगोलाच्या शंभर मीटरपेक्षाही खाली जातो, जगातला सगळ्यात खोल खळगा तो. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो, त्यामुळे सह्याद्रीत फरक साधारण साठ-सत्तर मीटरचा. तुम्हाला नेमका तेवढाच कमी येतोय.

ॲपलने 'अल्टिट्यूड' पहिल्यापासून समुद्रसपाटीचीच दिली आहे, लंबगोलाची हवी असेल तर आयओएस १५ पासून वेगळी मिळते. म्हणून एकाच माथ्यावर उभ्या दोन फोनांत भांडण.

अँड्रॉइड १४ मध्ये अल्टिट्यूड कन्व्हर्टर नावाचा क्लास आला, तो लोकेशनमध्ये समुद्रसपाटीची उंची भरून देतो. जुन्या फोनांवर जीपीएस चिप पाठवते ते एनएमईएचं जीजीए वाक्य ऐका, त्यात समुद्रसपाटीची उंची आणि जिऑइडचं अंतर दोन्ही असतं. 'ईएलई'मध्ये समुद्रसपाटीचीच टाका, वाचणारी बहुतेक सॉफ्टवेअर तेच धरून चालतात.

आणि 'हॅजअल्टिट्यूड' विचारल्याशिवाय उंची लिहू नका. उंची मिळालेली नसेल तर शून्य परत येतं. मग आलेखात माणूस मध्येच घाटमाथ्यावरून समुद्रात उडी मारून परत येतो. उंची नसेल तर 'ईएलई' टॅगच गाळा, स्कीमात तो ऐच्छिक आहे.

गडवेडा गणू | मंगळ, सकाळी ९:०५

बुवा, हे जिऑइडचं पहिल्यांदाच कळलं. आमच्यात प्रत्येक माथ्यावर 'माझा फोन खरा' यावरून वाद होतो. आता पुराव्यानिशी भांडता येईल.

अवांतर नसेल तर माझीही एक तक्रार. या फाइली घेऊन मी फोटोंना जागा चिकटवायचा प्रयत्न केला. कॅमेऱ्यातले फोटो, वेळ बघून सॉफ्टवेअर जागा लावतं. एकही फोटो लागला नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे, टाइमझोनही भारताचाच दिलाय.

सह्यवेडी | मंगळ, सकाळी ९:४०

खेकडेराव, सिंपलडेटफॉरमॅटच्या पॅटर्नमध्ये शेवटचा 'झेड' एकेरी अवतरणात लिहिलाय का? आणि फॉरमॅटरला टाइमझोन दिलाय?

भटका खेकडा | मंगळ, सकाळी १०:१०

अवतरणात आहे. टाइमझोन दिलेला नाही. कुठूनतरी उचललेली ओळ आहे ती.

सह्यवेडी | मंगळ, सकाळी १०:३५

मग झालंच. 'झेड' म्हणजे ही वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे अशी ग्वाही. अवतरणात टाकला की ते नुसतं अक्षर छापलं जातं, वेळ मात्र फोनच्या घड्याळाची. म्हणजे तुमची प्रत्येक फाइल साडेपाच तास पुढची. गणूचे फोटो म्हणूनच लागत नाहीत.

सिंपलडेटफॉरमॅट काढूनच टाका. लोकेशनमधून मिलिसेकंद मिळतात, त्यांचा 'इन्स्टंट' करा आणि त्याचं टू-स्ट्रिंग घ्या. ते यूटीसी असतं, 'झेड' खरा असतो, आणि लोकेलचा संबंधच येत नाही. अँड्रॉइड ८ च्या खालचे फोन धरायचे असतील तर ग्रेडलमध्ये डीशुगरिंग (नवे क्लास जुन्या फोनवर चालवायची सोय) चालू करा.

वाचनमात्र | मंगळ, दुपारी २:००

आयफोन आणि फ्लटरवाल्यांनी काय करायचं? आमच्या ऑफिसात दोन्ही आहे.

स्टुटगार्टकर | मंगळ, दुपारी ४:२५

आयओएसची गंमत म्हणजे फाउंडेशनमधला एक्सएमएलपार्सर नुसता वाचतो, लिहीत नाही. लिहिणारा 'एक्सएमएलडॉक्युमेंट' मॅकवर आहे, आयफोनवर नाही. त्यामुळे लोक एक तर स्ट्रिंग जोडतात (अण्णांचा अँपरसँड आठवा), नाहीतर लिबएक्सएमएल२ चा टेक्स्ट रायटर वापरतात. तो सी भाषेतला असला तरी लिहायला त्रासदायक नाही. स्विफ्टमध्ये स्ट्रिंगचा साधा फॉरमॅट लोकेल दिल्याशिवाय ते बघत नाही, तिथे तुमची सुटका. 'लोकलाइझ्ड'वाला फॉरमॅट किंवा नंबरफॉर्मॅटर वापरलात की परत तीच कथा. तारखेला आयएसओ ८६०१ डेटफॉर्मॅटर.

फ्लटरमध्ये (एकाच डार्ट कोडातून दोन्ही फोनांची ॲप्स) 'एक्सएमएल' नावाचं पॅकेज आहे, त्यातला बिल्डर चांगला आहे. डार्टचं 'टूस्ट्रिंगॲजफिक्स्ड' लोकेल बघत नाही. इन्टल पॅकेजचा नंबरफॉरमॅट बघतो, तो फाइलीसाठी वापरू नका.

भटका खेकडा | बुध, रात्री १०:२०

मंडळी, नवीन बिल्ड तयार. सिरियलायझर, लोकेल डॉट रूट, इन्स्टंट, उंची कन्व्हर्टरने. एम्युलेटरची भाषा मराठी आणि जर्मन ठेवून दोन्ही फाइली काढल्या आणि 'एक्सएमएललिंट'ला जीपीएक्सची स्कीमा देऊन तपासल्या. दोन्ही पास. पाटलांनी सांगितलेला क्रम पण लावला, आधी खुणा सगळ्यात शेवटी पडत होत्या.

आता दोन प्रश्न राहिले. एक, सेव्ह करताना नाव 'कळसूबाई डॉट जीपीएक्स' देतो, पण काही फोनवर त्याच्यापुढे आणखी 'डॉट एक्सएमएल' चिकटतं. दुसरा, ग्रुपवर जुन्या फाइलींचा ढीग पडलाय. त्या दुरुस्त होतील का?

सह्यवेडी | बुध, रात्री १०:५०

क्रिएट-डॉक्युमेंटच्या इन्टेंटमध्ये माइम टाइप (फाइलीचा प्रकार) 'टेक्स्ट एक्सएमएल' दिलाय ना? फोनला नावाचं शेपूट आणि टाइप जुळत नाहीत असं वाटतं, म्हणून तो स्वतःचं शेपूट जोडतो. 'ऑक्टेट स्ट्रीम' द्या, नाव जसंच्या तसं राहील. दुसऱ्या ॲपला पाठवताना मात्र जीपीएक्सचा टाइप द्या आणि फाइलप्रोव्हायडरमधून कंटेंट यूआरआय पाठवा. सरळ फाइल यूआरआय पाठवलात तर अँड्रॉइड ७ पासून ॲप कोसळतं.

पार्सर पाटील | गुरु, सकाळी ७:४०

जुन्या फाइली पायथनने दुरुस्त करा. त्या वेल-फॉर्म्ड आहेत, त्यामुळे एलिमेंटट्री (पायथनमधला एक्सएमएल वाचणारा) त्या मुकाट उघडतो. आणि पायथनचं 'फ्लोट' देवनागरी आकडे वाचतं! जावात इंटिजरचा पार्स ते वाचतो पण डबलचा वाचत नाही, हा तिथला विनोद. तेव्हा लॅट, लॉन आणि उंची फ्लोटमधून काढून परत लिहा, वेळेसाठी दहा आकड्यांची अदलाबदल. एडिटरमध्ये सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका, 'दिवस १', 'टाकं २' अशा नावांतले आकडेही बदलतील. ते मराठीतच राहायला हवेत.

वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. पण एकाच फाइलीवर स्क्रिप्ट दोनदा चालली तर अकरा तास जातील. 'क्रिएटर'मध्ये ॲपची आवृत्ती लिहीत होतात का?

भटका खेकडा | गुरु, सकाळी ८:१५

नाही, नुसतं ग्रुपचं नाव.

पार्सर पाटील | गुरु, सकाळी ८:३०

मग आजपासून आवृत्तीही लिहा, आणि दुरुस्त केलेल्या फाइलीच्या 'क्रिएटर'मध्ये वेगळी खूण टाका, म्हणजे स्क्रिप्ट ती ओळखून सोडून देईल. जुन्यांपैकी ज्यांत आकडे मराठी आहेत त्यांची वेळ हमखास चुकलेली. इंग्रजी आकडेवाल्या जुन्या फाइली दिसायला ठीक, पण वेळ त्यांचीही चुकलीच आहे, त्या विसरू नका. शंका आली तर पहिला बिंदू बघा: पहाटे पाचला पायथ्याच्या बारी गावातून निघाला असाल तर फाइलीत आदल्या तारखेचे २३:३० दिसायला हवेत. ०५:०० दिसले तर ती अजून दुरुस्त झालेली नाही.